मोटारीचे मागचे ब्रेक पॅड घरी कसे बदलावेत

पुढच्या चाकांचे ब्रेक पॅड ज्याने एकदा बदलले आहेत, त्याला मागच्या चाकांचे काम तसेच असणार असे वाटते, आणि बऱ्याच अंशी ते तसेच असतेही. फरक पडतो तो हँडब्रेकमुळे. हँडब्रेक मागच्या चाकांना धरतो आणि त्याची यंत्रणा पुष्कळ गाड्यांत मागच्या कॅलिपरच्याच (ब्रेक पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्याच) पोटात बसवलेली असते, त्यामुळे पुढच्या कॅलिपरचा पिस्टन जसा क्लॅम्पने दाबून आत बसवता येतो तसा मागचा बसवता येईलच असे नाही. पुढच्या चाकाच्या सवयीने मागच्या पिस्टनवर जोर लावला, तर आतले आटे किंवा हँडब्रेकच्या मोटरची यंत्रणा बिघडते आणि पॅडच्या कामासाठी निघालेल्या माणसाला अख्खा कॅलिपर विकत घ्यावा लागतो. म्हणून चाक खोलण्याच्या आधी, किंबहुना पॅड विकत आणण्याच्याही आधी, आपल्या गाडीचा हँडब्रेक कोणत्या जातीचा आहे हे पाहून घ्यावे.

आपल्या गाडीत काय आहे ते ओळखणे

सर्वप्रथम मागच्या चाकाच्या जाळीतून आत डोकवावे. चकचकीत चकती दिसली तर डिस्क ब्रेक आहे. बंद डब्यासारखे काही दिसले तर ड्रम ब्रेक आहे, त्यात पॅड नसून लायनर असतात आणि त्यांचे काम सर्वस्वी निराळे आहे. पुष्कळ लहान गाड्यांना पुढे डिस्क आणि मागे ड्रम असतात, त्यामुळे ही खात्री वाटते तितकी अनावश्यक नाही.

मागे डिस्क असेल तर तीन शक्यता उरतात. पहिल्या प्रकारात हँडब्रेकची केबल थेट कॅलिपरच्या पाठीवरच्या लहान लिव्हरला जोडलेली असते आणि लिव्हरवर स्प्रिंग असते. अशा कॅलिपरचा पिस्टन आतल्या आट्यांवर चालतो, त्याच्या तोंडावर दोन किंवा चार खाचा असतात, आणि तो दाबतादाबता फिरवूनच आत न्यावा लागतो. दुसऱ्या प्रकारात केबल कॅलिपरकडे न जाता डिस्कच्या मधल्या फुगीर भागाच्या मागे शिरते, कारण त्या भागाच्या आत हँडब्रेकसाठी छोटासा स्वतंत्र ड्रम असतो. इथे कॅलिपरला फक्त ब्रेक ऑइलचा होज, म्हणजे लवचिक नळी, येतो आणि पिस्टन पुढच्या चाकासारखा सरळ आत दाबला जातो. तिसऱ्या प्रकारात गाडीत हँडब्रेकच्या दांड्याऐवजी बटण असते आणि कॅलिपरच्या पाठीवर वायरचा कनेक्टर असलेली प्लॅस्टिकच्या डबीतली मोटर दिसते. मात्र केवळ बटण आहे म्हणून मोटर कॅलिपरवरच असेल असे धरून चालू नये, कारण काही गाड्यांत एकच मोटर गाडीखाली बसवून तिच्याकडून दोन्ही केबल ओढवून घेतलेल्या असतात. शेवटी निर्णय कॅलिपर पाहूनच करायचा.

मोटरवाल्या कॅलिपरमध्ये पॅड बदलण्यापूर्वी मोटरला पूर्ण मागे घ्यावे लागते, आणि त्यासाठी गाडी ‘सर्व्हिस मोड’मध्ये टाकावी लागते. काही गाड्यांत हे इग्निशन, ब्रेक पेडल आणि बटण ठरावीक क्रमाने दाबून होते, तर इतर गाड्यांत गाडीच्या संगणकाला जोडायचा स्कॅनर लागतो. आपल्या मॉडेलची पद्धत वर्कशॉप मॅन्युअलमधून मिळवल्याशिवाय काम सुरू करू नये. ज्या हायब्रिड गाड्यांमध्ये ब्रेकचा दाब विजेवर चालणाऱ्या पंपाने तयार होतो, त्यांपैकी काहींत नुसते दार उघडले तरी पंप जागा होऊन दाब चढवतो. अशा गाडीत ब्रेकची यंत्रणा निष्क्रिय करण्याची कृतीही आधी करावी लागते. नवख्या माणसाने पहिल्याच वेळी अशा गाडीला हात लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

पॅड खरोखर संपले आहेत का?

नव्या पॅडवर घर्षणाचा थर साधारण १० मिमीच्या आसपास असतो. तो ३ मिमीवर आला की नवे पॅड आणून ठेवावेत आणि २ मिमीच्या खाली तर गाडी चालवूच नये. ही जाडी फक्त घर्षणाच्या थराची मोजायची. मागची लोखंडी पट्टी त्यात धरायची नाही. चाकाच्या जाळीतून दिसतो तो बाहेरचा पॅड असतो, आणि आतला त्याच्यापेक्षा अधिक झिजलेला असणे मुळीच दुर्मीळ नाही, त्यामुळे बाहेरून पाहून निश्चिंत होऊ नये. बऱ्याच पॅडना एक पातळ पत्र्याची जीभ असते. थर संपत आला की ती डिस्कला घासून कर्कश आवाज करते. काही गाड्यांत त्याऐवजी वायरचा सेन्सर असतो आणि डॅशबोर्डवर दिवा लागतो. एकदा झिजून दिवा लावलेला सेन्सर पॅडबरोबर नवाच घ्यावा लागतो.

ब्रेक लावताना गाडीचे वजन पुढे झुकते, म्हणून पुढचे पॅड आधी संपतात हे सर्वसाधारणपणे खरे आहे. पण आताच्या गाड्यांत ब्रेकचा जोर पुढे-मागे वाटण्याचे काम इलेक्ट्रॉनिक यंत्रणा करते आणि ती मागच्या चाकांकडूनही बरेच काम करून घेते, त्यामुळे मागचे पॅड आधी झिजलेले दिसले तर लगेच बिघाडाची शंका घेऊ नये. शंका घ्यावी ती एकाच चाकावरच्या दोन पॅडमध्ये किंवा डाव्या-उजव्या चाकांमध्ये मोठा फरक दिसला तर. पॅड नेहमी दोन्ही मागच्या चाकांचे एकत्रच बदलायचे. एकाच बाजूला नवे घातले तर ब्रेक लावताना गाडी एका बाजूला ओढली जाऊ शकते.

डिस्कही त्याच वेळी पाहावी. तिची किमान जाडी बहुधा डिस्कच्याच कडेवर किंवा मधल्या भागावर कोरलेली असते. कडेला धार येते, त्यामुळे मोजमाप त्या धारेवर न घेता पॅड फिरतो त्या पट्ट्यावर मायक्रोमीटरने घ्यावे. डिस्कला भेगा असतील, खोल चर पडले असतील किंवा ती किमान जाडीच्या जवळ आली असेल, तर नवे पॅड तिच्यावर घालू नयेत. दोन्ही बाजूंच्या डिस्क नव्या घ्याव्यात.

हत्यारे आणि सामान

नवे पॅड, आणि मिळाल्यास त्यांच्याबरोबरच्या स्टीलच्या क्लिपा. चाकाचा पाना, गोटी पान्यांचा संच, एक पातळ फिक्स पाना, काही गाड्यांसाठी ॲलन की. वायर ब्रश, ब्रेक क्लीनरचा स्प्रे, स्वच्छ फडकी, कॅलिपर टांगायला मजबूत तार, मास्क, चष्मा आणि हातमोजे एवढे जमवावे. पिस्टनसाठी पहिल्या प्रकारात फिरवून दाबणारे खास हत्यार लागते, दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारात साधा सी-क्लॅम्प पुरतो. चिमट्याच्या पक्कडीने खाचांत धरून पिस्टन फिरवणारे लोक दिसतात. तो फिरतोही, पण पक्कड घसरली की पिस्टनभोवतीचे रबर फाटते, म्हणून ते खास हत्यार मागून आणावे लागले तरी आणावे.

ग्रीस मात्र कोणतेही चालत नाही. ब्रेकमधले रबर खनिज तेलाच्या ग्रीसने फुगते, म्हणून ब्रेकसाठीच बनवलेले सिलिकॉनचे ग्रीस वापरावे. आणि एकच महागडे हत्यार घ्यायचे असेल तर ते टॉर्क पाना (बोल्ट ठरावीक जोरानेच आवळू देणारा पाना) असावे, कारण ब्रेकचे बोल्ट ढिले राहणे जितके वाईट, तितकेच ते अंदाजाने कचकचून आवळणेही वाईट.

गाडी उचलणे

या कामातला सर्वांत मोठा धोका ब्रेकचा नसून गाडी जॅकवरून घसरण्याचा आहे. मागच्या चाकांचे काम करताना हँडब्रेक सोडून ठेवावा लागतो, म्हणजे गाडीला एरवी जागच्या जागी धरणारी गोष्टच आपण काढून घेतलेली असते. त्यामुळे गाडी सपाट आणि कडक जमिनीवर उभी करावी, पुढच्या दोन्ही चाकांना पुढून आणि मागून लाकडी ठोकळे घट्ट बसवावेत, मॅन्युअल गाडी गिअरमध्ये व ऑटोमॅटिक ‘पार्क’मध्ये ठेवावी. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत गिअरचा उपयोग उचललेल्या चाकांपुरताच असतो, हे ध्यानात ठेवून तिथे ठोकळ्यांची दुप्पट काळजी घ्यावी.

चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच अर्धा आटा सैल करावेत. नंतर मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या जागीच जॅक लावून गाडी उचलावी आणि लगेच जॅक स्टँडवर टेकवावी. गाडीबरोबर येणारा जॅक हा स्टेपनी बदलण्यापुरता असतो; निव्वळ त्याच्या भरवशावर गाडीखाली हात घालू नये. स्टँडवर टेकल्यावर गाडीला खांद्याने एक धक्का देऊन पाहावा आणि ती हलली नाही तरच चाक काढावे. काढलेले चाक गाडीच्या कडेखाली आडवे सरकवून ठेवण्याची सवय चांगली.

कॅलिपर उतरवणे

बॉनेट उघडून ब्रेक ऑइलची टाकी पाहावी. पिस्टन आत गेला की ऑइल उलटे टाकीत येते. मध्यंतरी कोणी ऑइल वरच्या खुणेपर्यंत भरले असेल तर ते आता ओसंडून वाहील, आणि ब्रेक ऑइल गाडीचा रंग खाते. टाकी भरलेली असेल तर स्वच्छ सिरिंजने थोडे ऑइल काढून घ्यावे.

एका वेळी एकच चाक खोलावे. दुसरी बाजू जुळलेली राहिली की कोणती क्लिप कुठे होती याचा नमुना समोर असतो. त्याखेरीज खोलण्यापूर्वी मोबाइलवर चार-दोन फोटो काढावेत. पहिल्या प्रकारच्या कॅलिपरवर हँडब्रेकची केबल लिव्हरवरून सोडवली तर काम सोपे होते, तिसऱ्या प्रकारात सर्व्हिस मोड लागू झाल्याची खात्री करून घ्यावी. कॅलिपर दोन सरकत्या पिनांवर बसवलेला असतो. त्यांचे बोल्ट सोडवताना पिन स्वतःच गरगर फिरते, म्हणून तिला पातळ पान्याने धरून बोल्ट फिरवावा. काही गाड्यांत खालचा एकच बोल्ट काढून कॅलिपर वर उघडता येतो. मला दोन्ही बोल्ट काढणे बरे वाटते, कारण नाहीतर वरच्या पिनेची साफसफाई हमखास राहून जाते.

डिस्कच्या कडेला धार आली असेल तर कॅलिपर अडतो. तेव्हा तो पुढे-मागे हलवत ओढावा, हातोडा मारू नये. सुटलेला कॅलिपर लगेच तारेने वरच्या स्प्रिंगला टांगावा. त्याचे वजन होजवर कधीही येऊ देऊ नये, कारण होज आतून फाटला तर बाहेरून काहीच दिसत नाही. कॅलिपर उघडा असताना कोणी ब्रेक पेडल दाबणार नाही आणि हँडब्रेकच्या बटणाला हात लावणार नाही, हे घरातल्या सर्वांना सांगून ठेवावे, कारण पिस्टन बाहेर पडू शकतो आणि त्याच्यासमोर बोट असेल तर ते चिरडते.

जुने पॅड काढल्यावर ते फेकण्याआधी शेजारी ठेवून नीट पाहावेत. एक जास्त आणि एक कमी झिजला असेल तर बहुतेक वेळा सरकती पिन अडकलेली असते. एकच पॅड तिरका झिजला असेल तर तो ब्रॅकेटमध्ये, म्हणजे पॅड ज्यात बसतात त्या चौकटीत, गंजाने धरला होता किंवा पिस्टनवर वाकडा बसला होता.

गंज आणि पिना

घाई करणारे लोक हा भाग गाळतात, आणि नव्या पॅडचे आयुष्य इथेच ठरते. पॅड ज्या खोबणीत सरकतात तिथल्या स्टीलच्या क्लिपा काढल्या की खाली गंजाचा थर दिसतो. तो क्लिपेला आत ढकलतो, खोबण अरुंद होते आणि पॅड ब्रेक सोडल्यावर मागे येत नाही. वायर ब्रशने, लागल्यास बारीक कानसेने, गंज धातूपर्यंत काढावा, पण मूळ धातू घासू नये. नंतर नव्या क्लिपा बसवून पॅड आत घालून पाहावा. तो बोटांच्या जोराने सरकला पाहिजे, ठोकून बसवावा लागत असेल तर गंज अजून शिल्लक आहे.

ही धूळ हवेच्या प्रेशरने किंवा तोंडाने फुंकून उडवू नये. जुन्या गाड्यांच्या पॅडमध्ये ॲस्बेस्टॉस असे, आणि आजच्या पॅडची धूळही फुप्फुसात जाऊ देण्याजोगी नाही. ब्रेक क्लीनरने ती ओली करून फडक्याने पुसून घ्यावी.

दोन्ही पिना त्यांच्या रबरी बुटांतून ओढून काढाव्यात, जुने वाळलेले ग्रीस पुसावे आणि सिलिकॉन ग्रीसचा पातळ थर लावून परत घालाव्यात. वरची व खालची पिन काही गाड्यांत वेगळी असते, त्यांची अदलाबदल करू नये. ग्रीस जास्त भरले तर पिन दाबल्यावर हवा कोंडून ती बाहेर ढकलली जाते. पिन गंजलेली किंवा तिच्यावर खड्डे पडलेले असतील तर ग्रीसने भागत नाही, ती नवीच घालावी.

पिस्टन आत घेणे

आता मुख्य काम. आधी पिस्टनभोवतीचे रबरी आवरण पाहावे. ते फाटलेले असेल, किंवा त्याच्या कडेला ब्रेक ऑइलची ओल असेल, तर पॅडचे काम थांबवून कॅलिपर दुरुस्तीला द्यावा किंवा बदलावा.

आट्यांच्या पिस्टनसाठी हत्याराची पिनवाली चकती खाचांत बसवावी आणि हत्यार हळूहळू दाबत फिरवावे. बहुतेक गाड्यांत पिस्टन घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने आत जातो, पण काहींत डाव्या व उजव्या बाजूची दिशा उलटसुलट असते, म्हणून मॅन्युअल पाहावे. एक फेरा पूर्ण झाल्यावर पिस्टन थोडासाही आत गेला नसेल तर दिशा किंवा दाब चुकत आहे, तिथेच थांबावे. फिरवताना नजर रबरी आवरणावर ठेवावी. पिस्टनबरोबर तेही पिळले जाऊ लागते, त्यावर चुण्या पडतात आणि तसेच फिरवत राहिले तर ते खोबणीतून निसटते. आवरणाच्या ओठाखाली सिलिकॉन ग्रीसचे बोट फिरवले की पिस्टन सुटा फिरतो आणि आवरण जागेवर राहते.

शेवटच्या पाव फेऱ्यात खाचांची दिशा जुळवायची असते. बऱ्याच मागच्या पॅडच्या पाठीवर एक लहान खुंटा असतो आणि तो पिस्टनच्या खाचेत बसावा लागतो. तो खाचेऐवजी पिस्टनच्या कडेवर टेकला, तर पॅड तिरका राहतो, पेडल मऊ लागते आणि पॅड पाचरीसारखा झिजतो.

सरळ दाबायच्या पिस्टनवर जुना पॅड आडवा ठेवून क्लॅम्पने अगदी सावकाश दाब द्यावा. टाकीतले ऑइल अधूनमधून पाहत राहावे.

जोडणी

नवे पॅड बसवताना आवाज करणारी जीभ असलेला पॅड बहुधा आतल्या बाजूला जातो. नेमकी जागा आपल्या फोटोशी ताडून पाहावी. ब्रेक ग्रीस पॅडच्या खोबणीत बसणाऱ्या कानांवर आणि पट्टीच्या पाठीवर, जिथे कॅलिपर टेकतो तिथे, अगदी नावापुरते लावावे. घर्षणाच्या थरावर किंवा डिस्कवर त्याचा थेंबही जाऊ नये. डिस्कला हाताचे ठसे लागले असतील तर ती क्लीनरने पुसावी. डिस्क नवी असेल तर गंज येऊ नये म्हणून लावलेले तेलही असेच काढावे लागते.

कॅलिपर बसवून होज पिळलेला नाही हे पाहावे आणि बोल्ट मॅन्युअलमधल्या टॉर्कवर आवळावेत. पिनांचे बोल्ट पुष्कळ गाड्यांत २५ ते ३५ न्यूटन-मीटरइतकेच घट्ट असतात, जे नवख्याला फारच कमी वाटते. जोराच्या माणसाच्या हातून ते सहज तुटतात. केबल जोडल्यावर हँडब्रेक सोडलेल्या स्थितीत कॅलिपरवरचा लिव्हर आपल्या अडणीला टेकतो का ते बघावे. टेकत नसेल तर केबल ताणलेली आहे किंवा लिव्हर गंजला आहे, आणि तसेच ठेवले तर ब्रेक सतत घासत राहील. चाक बसवून ते हाताने फिरवावे. हलकी घासट चालते, पण दोन हातांनी जोर लावावा लागत असेल तर पुन्हा खोलावे. गाडी खाली घेऊन चाकाचे नट आलटून पालटून समोरासमोरचे आवळावेत आणि मग दुसऱ्या बाजूला वळावे.

गाडी हलवण्याआधी आणि नंतर

दोन्ही बाजू झाल्यावर इंजिन सुरू करण्यापूर्वी पेडल कडक होईपर्यंत दाबावे. पहिली काही दाबणी पोकळ जातात, कारण पिस्टन पॅडपर्यंत यायचा असतो. हे न करता निघालेल्या गाडीला पहिल्या वळणावर ब्रेकच नसतो. जुन्या गाडीत पेडल एकदम तळाला नेऊ नये, अर्ध्यापर्यंतच दाबत राहावे, म्हणजे पेडलच्या जोराने ऑइल दाबणाऱ्या मास्टर सिलिंडरचे रबर न वापरलेल्या खरखरीत भागावर जात नाही. पेडल कडक झाल्यानंतरच हँडब्रेक दहा-एक वेळा ओढून सोडावा, म्हणजे आतली आपोआप जुळणारी यंत्रणा जागेवर येते. मोटरवाल्या गाडीत याऐवजी सर्व्हिस मोडमधून बाहेर पडण्याची कृती करायची. शेवटी ऑइलची पातळी दोन खुणांच्या मध्ये आहे का ते पाहावे, आणि ऑइल घालायचे झाल्यास टाकीच्या झाकणावर लिहिलेल्या डॉट क्रमांकाचे (ब्रेक ऑइलच्या प्रकाराचा क्रमांक), ताज्या सीलबंद बाटलीतले घालावे. डॉट ५ हे सिलिकॉनचे असते, ते डॉट ३, डॉट ४ किंवा डॉट ५.१ मध्ये मिसळायचे नसते. पेडल कितीही दाबले तरी मऊच राहत असेल तर गाडी रस्त्यावर काढू नये.

नवे पॅड डिस्कवर बसायला वेळ लागतो. मोकळ्या रस्त्यावर ताशी ५० किमीवरून १० किमीपर्यंत मध्यम दाबाने आठ-दहा वेळा वेग उतरवावा आणि प्रत्येक वेळी मध्ये अर्धा मिनिट डिस्कला थंड होऊ द्यावे. गरम ब्रेक दाबून गाडी उभी ठेवू नये. पॅडच्या पाकिटावर निराळी पद्धत दिली असेल तर तीच पाळावी. त्यानंतरचे दोन-तीनशे किमी कचकन ब्रेक लावणे शक्यतो टाळावे.

पहिल्या फेरीनंतर डिस्कला हात न लावता दोन्ही मागच्या चाकांजवळ तळहात धरून पाहावा. एका बाजूला उष्णता स्पष्टपणे अधिक जाणवली तर त्या बाजूची पिन किंवा हँडब्रेकचा लिव्हर अडकतो आहे. मग चढावर थांबून हँडब्रेक गाडी धरतो का ते तपासावे, आणि ५० ते १०० किमी झाल्यावर चाकाचे नट टॉर्क पान्याने पुन्हा एकदा तपासावेत.